लाईट गेल्यावर शेवाळ काय करतं?

आमच्या घरात दिवस आणि रात्र असा हिशेब कधी नव्हताच. लाईट आहे आणि लाईट नाही, एवढाच. माझ्या लहानपणी बेळगावच्या वडगावात गल्लोगल्ली पावरलूम होते, आमच्या मागच्या सोप्यात चार. लाईट आली की आप्पा ताटावरून उठून मागावर जायचे, गेली की खुरपं घेऊन शिवारात. रात्री दोनला आली तर रात्री दोनला माग चालू. आम्ही भावंडं त्या खडखडाटात गाढ झोपायचो आणि तो थांबला की जागे व्हायचो. कांड्या भरता भरता आई अंधारात हात थांबवून म्हणायची, "गेली बघ."

शिवार बळ्ळारी नाल्याच्या अंगाला. पावणेदोन एकर, पावसाळ्यात भात. नाला तुंबला की पीक आठ-आठ दिवस पाण्याखाली. त्या वर्षी मागावर घर चालायचं. सुताचा भाव चढला किंवा व्यापाऱ्यानं पैसे थकवले की भातावर. दोन्ही बरं चाललं असं वर्षसुद्धा यायचं, आणि त्या वर्षी आम्हाला दिवाळीला प्रत्येकी दोन कपडे मिळायचे. आप्पांना कोणी विचारलं, तुम्ही विणकर की शेतकरी, तर ते म्हणायचे, "लाईट आहे काय बघून सांगतो."

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे वर्गात आलेला एक प्रश्न.

मी पी.यू. कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, जीवशास्त्र शिकवते. जूनच्या शेवटी पोषणाचे प्रकार शिकवत होते. फळ्यावर दोन रकाने: स्वयंपोषी, परपोषी. डावीकडे झाड, शेवाळ. उजवीकडे गाय, माणूस, बुरशी. येळ्ळूरहून येणारी एक मुलगी दुसऱ्या बाकावरून उठली. म्हणाली, "मॅडम, आमच्या विहिरीवरच्या दोणीतलं हिरवं पाणी माझ्या भावानं बाटलीत भरून ठेवलं होतं, ते कोठीत राहिलं. महिन्यानं काढलं तरी हिरवंच होतं. अंधारात त्याला खायला काय मिळालं?" तिच्या शेजारची कन्नड मुलगी हळूच म्हणाली, पाची मरत नसते. शेवाळाला कन्नडमध्ये पाची म्हणतात.

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. पेशीत स्टार्च साठवलेला असतो, अंधारात सगळी कामं मंदावतात, म्हणून टिकतं. हे खरं आहे, पण अर्धंच. घरी येईपर्यंत मला चैन पडेना, कारण उरलेलं अर्धं मला माहीत होतं आणि तासाला पाच मिनिटं उरलेली असताना ते सांगायचं मी टाळलं होतं. धारवाडला एम.एस्सी. करताना मी ज्या हिरव्या पेशीच्या प्रेमात पडले होते, तिला मी फळ्यावर एका रकान्यात बसवून मोकळी झाले होते.

ती पेशी म्हणजे क्लॅमिडोमोनास. एक मिलिमीटरचे शंभर भाग करा, त्यातल्या एका भागाएवढी. पुढे दोन शेपट्या, त्यांच्या वल्हवण्यानं ती पोहते. अंगावर एक नारिंगी ठिपका, त्यावरून उजेड कुठून येतोय हे तिला कळतं. आत वाटीच्या आकाराचं एकच मोठं हरितलवक, म्हणजे उजेडावर अन्न तयार करणारा पेशीचा हिरवा भाग. जगभरच्या प्रयोगशाळांत हिचे जे वाण वापरतात, त्यांतले बहुतेक एकाच नमुन्यातून निघालेत. तो नमुना गिल्बर्ट स्मिथ या शास्त्रज्ञानं १९४५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टजवळच्या मातीतून मिळवला, आणि ती माती होती बटाट्याच्या शेतातली. बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला हे सांगताना मला फार आनंद होतो. आपल्याकडं पावसाळ्यात बटाट्याच्या सरीत पाणी साचतं, त्या पाण्याला हिरवी झाक येते, त्यात हिचे भाऊबंद असणारच.

तर ही पेशी तीन तऱ्हांनी जगू शकते. उजेड असेल तर उजेडावर. उजेड नसेल आणि ॲसिटेट मिळत असेल तर त्यावर. दोन्ही असेल तर दोन्हीवर, आणि तेव्हा ती सगळ्यात झपाट्यानं वाढते.

ॲसिटेट म्हणजे व्हिनेगारमधल्या आम्लाचं मीठ. ते रानात कुठून येणार, असं वाटेल. मलाही विद्यार्थिदशेत वाटायचं. पण भाताच्या शेतात पाणी तुंबलं की चिखलातली हवा संपते, कुजणाऱ्या काडाकचऱ्यावर जिवाणू बसतात, आणि त्यांच्या कामातून जी सेंद्रिय आम्लं तयार होतात त्यांत ॲसिटिक आम्ल भरपूर असतं. नाल्याचं पाणी ओसरल्यावर आमच्या शिवारात जो आंबूस वास सुटायचा, त्यात हेच होतं. आता ही वेळ पेशीच्या बाजूनं बघा. वर गढूळ पाणी, त्यातून उजेड खाली पोचत नाही. खाली चिखलात मात्र ॲसिटेट तयार होतंय. ज्या दिवसांत आप्पा शिवाराकडं पाठ करून मागाकडं वळायचे, त्याच दिवसांत त्याच शेतात ही पेशी उजेडाचा नाद सोडून चिखलाच्या जेवणाला बसत असणार.

या जेवणातली एक युक्ती मला अजूनही थक्क करते. ॲसिटेटमध्ये कार्बनचे अणू फक्त दोन. ते पेशीच्या श्वसनाच्या चक्रात शिरतात, आणि एका फेरीत दोन कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. म्हणजे दोन आले, दोन गेले. ऊर्जा मिळाली, पण अंग बांधायला हातात काही उरलं नाही. मग नवी पेशी कशातून घडवायची? त्यासाठी पेशी त्या चक्रात एक आडवाट काढते. ज्या दोन पायऱ्यांवर कार्बन गळतो, नेमक्या त्याच टाळते. मग दोन आणि दोन मिळून चार कार्बनचा रेणू शिल्लक राहतो आणि त्यातून साखर, स्टार्च, प्रथिनं, सगळं उभं करता येतं. या आडवाटेला ग्लायऑक्सिलेट चक्र म्हणतात. हान्स क्रेब्ज आणि हान्स कॉर्नबर्ग यांनी ते १९५७ साली मांडलं. आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर भुईमुगाचा दाणा. तो रुजतो तेव्हा पान नसतं, ऊन मिळवायची सोय नसते, जवळ असतं ते फक्त तेल. त्या तेलातून कोंबाला लागणारी साखर तो याच आडवाटेनं करतो. फरक इतकाच की भुईमूग ही वाट आयुष्यात थोडे दिवस वापरतो, आणि क्लॅमिडोमोनास गरज पडेल तेव्हा.

मुलीच्या बाटलीबद्दल आणखी एक गोष्ट राहिली. पाणी अंधारातही हिरवं कसं राहिलं? नवरात्रात आपण देवघरात घट बसवतो. त्यातलं धान दसऱ्यापर्यंत वीतभर वाढतं, आणि देवघरात जेवढा अंधार तेवढं ते पिवळं येतं. लहानपणी ते टोपीत, केसांत खोचताना मला वाटायचं की देवाचं म्हणून ते सोनेरी असतं. खरं कारण असं की गहू, ज्वारी अशा फुलझाडांच्या गोतावळ्यात हरितद्रव्य बनवण्याच्या शेवटाकडची एक पायरी उजेडाशिवाय चढताच येत नाही. ते काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, स्वतः प्रकाश घेऊनच चालतं. क्लॅमिडोमोनासकडं तेवढ्याच पायरीसाठी दुसरं, अंधारात चालणारं विकरही आहे. त्यामुळे मिट्ट अंधारात, नुसत्या ॲसिटेटवर वाढणाऱ्या तिच्या पिढ्यासुद्धा हिरव्याच जन्माला येतात. ज्या वाणांत हे अंधारातलं विकर बिघडलेलं असतं, ते अंधारात घटाच्या धानासारखे पिवळे पडतात.

म्हणजे उजेड नसतानाही ती हिरवेपणा बाळगून असते. आमच्याकडं लाईट नसली तरी मागावर ताणा चढवलेला असायचा. आप्पा म्हणायचे, लाईट आल्यावर ताणा लावत बसलो तर लाईट जाईल.

जुलैत, मंगाईच्या यात्रेच्या आठवड्यात, मी शिवारातल्या विहिरीवर जाऊन दगडी दोणीतलं हिरवं पाणी आणलं आणि लिटरच्या पाच प्लास्टिक बाटल्या भरल्या. आई बघत होती. "पाणी कशाला साठवालीस? डास होतात बघ." मी तोंडांना फडकी बांधली. एक बाटली गच्चीत उन्हाला, एक जिन्याखाली सावलीत, एक काळ्या कापडात गुंडाळून कपाटात. चौथीत व्हिनेगार, पाचवीत साखर.

उन्हातली आणि सावलीतली यांतला फरक दोन आठवड्यांत नजरेत भरला. उन्हातली पोपटी, सावलीतली गर्द. हे वर्गात दाखवायला सगळ्यात सोपं आहे आणि मुलांचा अंदाज नेमका उलटा असतो. उजेड कमी पडला की पेशी हरितद्रव्य वाढवते, उजेड टिपणारी जाळी मोठी करते. ऊन जास्त झालं की ती जाळी लहान करते, कारण वापरता येत नाही एवढी ऊर्जा आत घेतली तर तिच्यातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि पेशीचंच नुकसान होतं. तरीही जास्त आलीच तर ती उष्णतेच्या रूपात सोडून द्यायची सोयही तिच्यात असते. ढग सरकून एकदम ऊन पडतं तेव्हा ही सोय मिनिटांत कामाला लागते. जाळी लहान-मोठी करायला मात्र तास, दिवस जातात.

व्हिनेगारची बाटली मी पहिल्या खेपेला घालवली. प्रयोगशाळेत क्लॅमिडोमोनास ज्या पाण्यात वाढवतात त्याची कृती गोर्मन आणि लेव्हाइन यांची, १९६५ सालची, आणि ती आजही सर्रास वापरतात. त्यात लिटरला साधारण एक मिलिलिटर शुद्ध ॲसिटिक आम्ल असतं. घरातलं व्हिनेगार चार टक्क्यांचं, म्हणून मी पंचवीस मिलिलिटर घातलं. हिशेब बरोबर होता. पण प्रयोगशाळेतल्या पाण्याची आंबटी मारलेली असते, आणि मी ती मारली नव्हती. दोन दिवसांत पाण्याचा रंग चिंच घालून शिजवलेल्या पालेभाजीसारखा मळकट झाला. कारणही पालेभाजीचंच: आम्लानं हरितद्रव्याच्या मध्यावरचा मॅग्नेशियमचा अणू सुटतो. दुसऱ्या खेपेला मी त्याच व्हिनेगारात पाव चमचा खायचा सोडा घातला, फेस बसू दिला आणि मग ते पाण्यात ओतलं. आठवड्यानं त्या बाटलीत हिरवेपणाही वाढला होता आणि गढूळपणाही. यातलं किती ॲसिटेट शेवाळानं खाल्लं आणि किती जिवाणूंनी, ते बाटली सांगत नाही. त्यासाठी निर्जंतुक काम लागतं आणि ते माझ्या स्वयंपाकघरात होत नाही. मुलांनाही मी हेच सांगितलं. बाटल्यांनी प्रश्न समोर दिसतो, उत्तरं ज्यांनी वर्षानुवर्षं काचेच्या नळ्यांत बसून काढली त्यांच्याकडून घ्यायची.

साखरेची बाटली तिसऱ्या दिवशी फसफसली आणि आईनं ती बाहेर ठेवायला लावली. तिथेही जिवाणू आणि यीस्ट पुढे धावले. पण साखरेचा विषय इथेच सोडणार नाही, कारण आपला जिल्हा उसाचा, आणि गुऱ्हाळवाल्या मामेभावानं विचारलंच की मळीवर हे पीक घेता येईल काय.

क्लॅमिडोमोनास साखर खात नाही. गंमत म्हणजे स्वतःच्या पोटात ती साखर करते, स्टार्च साठवते, पण बाहेर ग्लुकोज ठेवलं तर ते आत घेऊन त्यावर वाढणं तिला जमत नाही. क्लोरेलाला जमतं. क्लोरेला म्हणजे बिनशेपटीची, गोल, आणखी लहान हिरवी पेशी. बायरिंक या डच शास्त्रज्ञानं १८९० साली ती वेगळी काढली, पुढे जर्मनीच्या वारबुर्गनं तिच्यावर प्रकाशसंश्लेषण मोजलं, आणि कार्बन डायऑक्साइडपासून साखर कशी होते ती वाट केल्विन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरेला आणि सेनेडेस्मस या शेवाळांतूनच शोधली. केल्विनला १९६१ साली नोबेल मिळालं ते त्यासाठी. क्लोरेलाच्या काही जातींच्या पेशीत ग्लुकोज आत ओढणारं एक प्रथिन असतं. ते एका प्रोटॉनबरोबर एक ग्लुकोज आत घेतं, आणि आत आलेला प्रोटॉन पुन्हा बाहेर ढकलायला पेशीला ऊर्जा मोजावी लागते. हे प्रथिन ती कायम बाळगत नाही, बाहेर ग्लुकोज आहे असं कळल्यावर बनवते. या प्रथिनाचं जनुक शास्त्रज्ञांनी व्हॉल्व्हॉक्स या क्लॅमिडोमोनासच्या नातेवाइकात घातलं तेव्हा त्यालाही ग्लुकोज आत घेता यायला लागलं.

उसाची साखर मात्र सुक्रोज. ती फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळं केल्याशिवाय अशा शेवाळांना तिचा फारसा उपयोग नसतो. मामेभावाला मी एवढंच सांगितलं आणि वर, उघड्या हौदात मळी घातलीस तर शेवाळाच्या आधी बाकीचेच जेवून जातील, हेही.

आता ज्याच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले, ते.

क्रोमोक्लोरिस झोफिंगिएन्सिस नावाचं एक हिरवं शेवाळ आहे. त्याला उजेडात वाढवत असताना ग्लुकोज दिलं तर काही दिवसांत ते प्रकाशसंश्लेषण बंद करतं. बंद करतं म्हणजे नुसतं थांबवत नाही. हरितलवकातले पडदे, ज्यांच्यावर उजेड टिपायची सगळी यंत्रं बसवलेली असतात, ते उतरवतं. हरितद्रव्य कमी होतं, पेशीत तेल साठतं, ॲस्टाझँथिन हे तांबडं रंगद्रव्य साठतं. डोक्यावर उजेड असूनसुद्धा. आणि मग ग्लुकोज काढून घेतलं की दोन-चार दिवसांत पडदे परत उभे राहतात, पेशी पुन्हा हिरवी होते, उजेडावर जगायला लागते. ग्लुकोज आलंय ही बातमी पेशीला कशानं कळते, तर हेक्सोकायनेज या विकरातून, जे ग्लुकोजवर पहिला हात ठेवतं. ते बिघडवलं तर ग्लुकोज समोर असूनही ती आपली यंत्रं उतरवत नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती आळशी वाटली होती. आयतं मिळालं, काम सोडलं. पण लोखंडाचा हिशेब कळल्यावर माझं मत बदललं. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रं फार महाग असतात. उजेड वापरणाऱ्या दोन प्रकाशयंत्रणांपैकी एकट्या पहिलीत लोहाचे बारा अणू लागतात. पाण्यात लोह कमी असेल तर क्लॅमिडोमोनास काय करते, हे मोजून बघितलेलं आहे. जवळ ॲसिटेट असेल तर ती पहिली प्रकाशयंत्रणा मोडते, लोह सोडवते आणि श्वसन चालू ठेवते. ॲसिटेट नसेल, नुसत्या उजेडावर जगायचं असेल, तर लोह तितकंच कमी असूनही ती प्रकाशसंश्लेषण शेवटपर्यंत सांभाळते. तीच पेशी, तेवढंच लोह, आणि निर्णय वेगळा. कारण पोट कशावर आहे ते वेगळं. याला आळस म्हणता येत नाही. दोन मागांचे सुटे भाग काढून तिसरा चालू ठेवलेला मी घरात पाहिलाय.

दोन्ही मिळतं तेव्हाची गोष्ट तर फारच सुरेख. एकाच पेशीत एका कोपऱ्यात श्वसन चालतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. दुसऱ्या कोपऱ्यात हरितलवक तो उचलतं आणि ऑक्सिजन सोडतं, तो श्वसनाला लागतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे उजेडावर जगणाऱ्या पेशीला तो गोळा करायला केवढी यातायात करावी लागते: विरघळलेलं बायकार्बोनेट आत ओढायचं, हरितलवकातल्या पायरेनॉइड नावाच्या गाठीत नेऊन तिथे त्याचा पुन्हा वायू करायचा, आणि तो पकडणाऱ्या रुबिस्को या मंद विकराच्या पुढ्यात दाटीनं ठेवायचा. घरातल्या घरात कार्बन डायऑक्साइड तयार होत असेल तर ही यातायात तेवढी कमी होते. ॲसिटेट भरपूर असेल तर ती बाहेरून कार्बन गोळा करणंही कमी करते.

हवाही नाही आणि उजेडही नाही, अशी वेळ आली तर? रात्री दोणीच्या तळाच्या गाळात असं होतं. तेव्हा ती साठवलेला स्टार्च आंबवते आणि फॉर्मिक आम्ल, अल्कोहोल, ॲसिटेट, थोडा हायड्रोजन वायू बाहेर टाकते. हिरवं शेवाळ हायड्रोजन सोडतं हे गॅफ्रॉन आणि रुबिन यांनी १९४२ साली दाखवलं. २००० साली मेलिस आणि सहकाऱ्यांनी क्लॅमिडोमोनासचा गंधकाचा पुरवठा तोडून तिला बंद बाटलीत कित्येक दिवस हायड्रोजन करायला लावलं. गंधकाशिवाय प्रकाशयंत्रणेची रोजची दुरुस्ती थांबते, ऑक्सिजन जेमतेम तयार होतो, तोही श्वसनात संपतो, आणि ऑक्सिजनला घाबरणारं हायड्रोजनचं विकर कामाला लागतं. इंधन म्हणून याकडं बरेच लोक आशेनं बघतात. मला त्यातली पेशीची धडपड जास्त भिडते.

आणि मग प्रोटोथेका.

प्रोटोथेका ही क्लोरेलाची जवळची नातेवाईक. रंगहीन. तिच्या पूर्वजांनी आयत्या अन्नावर जगायला सुरुवात केली आणि पिढ्यान्‌पिढ्या ते चालत राहिलं, इतकं की प्रकाशसंश्लेषणाची जनुकंच गेली. हरितलवकाचा अवशेष आत आहे, काही कामं तो अजून करतो, पण उजेडावर जगायला ती परत येऊ शकत नाही. ती सांडपाण्यात, शेणात, गोठ्यातल्या ओलीत राहते, आणि कधी कधी गाईच्या कासेत शिरते. कासदाह होतो, कास सुजून दगडासारखी होते. नेहमीच्या प्रतिजैविकांना ती जुमानत नाही, कारण ती जिवाणूच नाही. असं जनावर बहुतेक वेळा कळपातून बाजूला काढावं लागतं. गोठ्यातल्या माणसाला कोणी सांगितलं की तुझ्या गाईच्या कासेत शेवाळाच्या कुळातलं काहीतरी आहे, तर तो विश्वास ठेवणार नाही. पण आहे ते तसंच.

क्रोमोक्लोरिस आणि प्रोटोथेका, दोघींनीही हिरवेपणा सोडला. एकीनं जनुकं जपून पडदे उतरवले, दुसरीची जनुकंच राहिली नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही बाटल्या हिरव्या नाहीत एवढंच दिसेल. या दोघींना वेगळं ओळखायचा एक साधा मार्ग आहे, साखर काढून घ्यायची आणि उजेडात ठेवायचं.

आमच्या चार मागांपैकी दोन आप्पांनी भंगारात घातले. त्या वर्षी साडीला उठाव नव्हता आणि एका व्यापाऱ्याकडं वर्षभराचे पैसे अडकलेले. टेम्पोत माग चढवताना मी तिथे होते. उरलेले दोन सोप्यात आहेत, वर निळं प्लास्टिक. आप्पा पंधरा दिवसांनी प्लास्टिक उचलून तेलाची बुधली फिरवतात. धाकट्या भावाला ती जागा मोटरसायकलींसाठी हवी आहे, आणि दोघांत त्यावरून बोलणं होतं, मग जेवताना कोणी बोलत नाही. भावाची नोकरी आहे, घर नीट चाललंय, त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. मी फक्त माझ्या बाजूनं त्याला लोखंडाचा हिशेब सांगून बघितला, बारा अणूंचा. तो म्हणाला, "अक्का, ते भंगारात किलोवर जातं."

कपाटातली बाटली मी तीन आठवड्यांनी उघडली. वर पाणी जवळजवळ नितळ, तळाला गर्द हिरवा थर. हलवल्यावर सगळं पाणी पुन्हा फिकट हिरवं. एक थेंब कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली घातला. येळ्ळूरच्या मुलीला पहिल्यांदा बघायला दिलं. बऱ्याच पेशी निपचित होत्या, काही गोल गोल गटांत. ती बराच वेळ डोळा न उचलता बघत राहिली आणि मग म्हणाली, "मॅडम, एक पळालंय." मग मी फळ्यावरच्या दोन रकान्यांच्या मधली रेघ पुसली आणि त्या जागी क्लॅमिडोमोनास लिहिलं. परीक्षेत डावीकडंच लिहा, हेही सांगितलं, कारण गुण त्यांचे आहेत. पण वहीत मधे लिहा.

बाटली घरी आणून खिडकीत ठेवली. आठ दिवसांत पाणी दोणीतल्यासारखं झालं. आप्पा रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत. परवा विचारलं, "परत अंधारात घातलीस तर?"

मी म्हटलं, राहील. किती दिवस ते बघावं लागेल.

"मग कपाटात नको," ते म्हणाले. "सोप्यात ठेव की. मागाच्या प्लास्टिकखाली अंधारच आहे, आणि मी तेल घालायला जातो तेव्हा हलवून ठेवीन."

काल बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख घातली आणि पहिल्या मागाच्या बीमखाली ठेवून आले.